स्पिनलॉकवर फिरणारा सीपीयू आणि आरटीएनएलसमोर तुंबलेली रांग

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेटवर्क कार्डासाठी स्वतः लिहिलेला लिनक्स ड्रायव्हर, मुख्य कर्नलच्या बाहेरचा. ट्रॅफिक वाढलं की अधूनमधून मशीन गोठतं आणि लॉगमध्ये ‘सॉफ्ट लॉकअप, सीपीयू २२ सेकंद अडकला’ असं येतं. ट्रेसच्या (कोणतं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्या यादीच्या) माथ्यावर स्पिनलॉक, म्हणजे मिळेपर्यंत सीपीयूला जागेवर फिरवत ठेवणारा लॉक, आणि त्याखाली ड्रायव्हरचं पोल फंक्शन, म्हणजे आलेली पॅकेट उचलणारं. म्हणून पोलमधला साधा स्पिन_लॉक काढून इंटरप्टही बंद करणारा स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह घातला, तर आता सॉफ्टऐवजी हार्ड लॉकअप येतो. शिवाय कधी कधी इंटरफेस डाउन करताना आयपी कमांड कायमची अडकते आणि मग नेटवर्कची कुठलीच कमांड चालत नाही. चाचणीच्या मशीनवर लॉकडेप (लॉकच्या चुका हेरणारं कर्नलचं साधन) चालू आहे, पण तो गप्प आहे. कुठून सुरुवात करावी?

सुरुवात इथून करा: हे दोन वेगळे बग आहेत. ‘मशीन अडकतं’ या एकाच तक्रारीखाली ते एकत्र बांधले गेलेत. पहिल्यात सीपीयू जागेवर फिरत बसतो, दुसऱ्यात टास्क झोपून राहते आणि सीपीयू मोकळाच असतो. दोन्हीकडे मात्र एकच चूक होते आहे. जो थांबलाय त्याच्याकडे तुम्ही बघताय. ट्रेस नेहमी वाट पाहणाऱ्याचा छापला जातो, कारण ओरडतो तोच. लॉक धरून बसलेला बहुतेक वेळा गप्प असतो, आणि शोधायचं त्याला.

आधी सॉफ्ट लॉकअप. वॉचडॉगची, म्हणजे अडकलेला सीपीयू हेरणाऱ्या कर्नलमधल्या पहारेकऱ्याची, मूळ मर्यादा १० सेकंद असते, सॉफ्ट लॉकअपला तिची दुप्पट म्हणजे २०, आणि तपासणी दर ४ सेकंदांनी होते. म्हणून ‘२२ सेकंद’ किंवा ‘२३ सेकंद’ हा आकडा बऱ्याच जणांच्या लॉगमध्ये दिसतो. त्यात काही गूढ शोधू नका. उपयोगाची माहिती ट्रेसच्या खालच्या अर्ध्या भागात असते. एक्स८६ वर इंटरप्टमध्ये चाललेला भाग कोनी कंसांतल्या ‘आयआरक्यू’ अशा दोन खुणांच्या मध्ये छापतात. वाचणारे बहुतेक जण पहिल्या चार ओळी बघतात, आपलं पोल फंक्शन दिसलं की थांबतात आणि तिथला कोड बदलायला घेतात. दुसऱ्या खुणेच्या खाली जा. इंटरप्ट आला तेव्हा त्याच सीपीयूवर काय चाललं होतं ते तिथे आहे. माझा अंदाज, तिथे तुमचं आकडेवारी देणारं फंक्शन सापडेल, म्हणजे एनडीओ_गेट_स्टॅट्स६४ किंवा इथटूल या कार्डाची माहिती देणाऱ्या कमांडसाठी लिहिलेलं काहीतरी, आणि त्यात तोच लॉक साध्या स्पिन_लॉकने घेतलेला असेल.

घडतं ते असं. कोणीतरी आकडे वाचायला आलं. प्रोसेस कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे साध्या टास्कच्या वतीने चालताना, तुमच्या फंक्शनने लॉक घेतला. साधा स्पिन_लॉक प्रीएम्प्शन (चालू टास्क मध्येच बाजूला सारणं) बंद करतो, पण इंटरप्टही बंद करत नाही आणि सॉफ्टआयआरक्यूही, म्हणजे इंटरप्टनंतर लगेच उरकायचं कामही. तेवढ्यात कार्डाचा इंटरप्ट आला, परत जाताना कर्नलने सॉफ्टआयआरक्यू चालवला, त्यातून नॅपीने (पॅकेट गठ्ठ्याने उचलायच्या कर्नलच्या यंत्रणेने) तुमचं पोल बोलावलं आणि पोलने तोच लॉक मागितला. ज्याने तो सोडायचा, तो ह्याच सीपीयूवर खाली दबलेला आहे. पोल संपल्याशिवाय तो हलणार नाही, आणि तो हलल्याशिवाय पोल संपणार नाही. दुसरा सीपीयू यात लागतच नाही. ट्रॅफिक वाढल्यावरच हे होतं, कारण आकडे वाचण्याच्या त्या इवल्या फटीत इंटरप्ट यायची शक्यता तेव्हाच वाढते.

आता तुमच्या दुरुस्तीने परिस्थिती का बिघडली ते बघा. तुम्ही पोलमध्ये इंटरप्ट बंद केलेत, पण लॉक आधीच धरलेला होता आणि धरणारा खालीच होता. म्हणजे तेच फिरणं, फक्त आता इंटरप्ट बंद ठेवून. सॉफ्ट लॉकअप ओळखणारा टायमर इंटरप्टवर चालतो, तोही आता पोचत नाही. उरतो तो हार्ड लॉकअप पकडणारा एनएमआय, म्हणजे बंद न करता येणारा इंटरप्ट. कुलूप योग्य आणलंत, पण भलत्याच दाराला लावलंत. सॉफ्टआयआरक्यूमध्ये असताना त्याच सीपीयूवर दुसरा सॉफ्टआयआरक्यू मध्ये घुसत नाही, त्यामुळे पोलमध्ये साधा स्पिन_लॉक पुरतो. बदलायचं ते आकडेवारीच्या फंक्शनमध्ये: तिथे स्पिन_लॉक_बीएच (बीएच म्हणजे इथे सॉफ्टआयआरक्यूच) हवा, म्हणजे लॉक हातात असेपर्यंत त्या सीपीयूवर सॉफ्टआयआरक्यू चालणारच नाही.

नियम असा की लॉक घेणाऱ्यांमध्ये सगळ्यात आगाऊ कोण आहे ते बघायचं आणि त्याच्यापासून बाकीच्यांनी स्वतःला वाचवायचं. हार्ड इंटरप्टचा हँडलरही तोच लॉक घेत असेल, तर प्रोसेस कॉन्टेक्स्ट आणि सॉफ्टआयआरक्यू दोघांनाही आयआरक्यूसेव्ह लागतो. घेत नसेल तर ‘असू दे सुरक्षित’ म्हणून सगळीकडे आयआरक्यूसेव्ह पेरू नका. इंटरप्ट विनाकारण बंद राहतात हा एक तोटा. दुसरा असा की आत कुठेतरी बोलावलेलं फंक्शन स्पिन_अनलॉक_बीएच करतं, आणि इंटरप्ट बंद असताना सॉफ्टआयआरक्यू परत चालू करू पाहणं कर्नलला मान्य नाही. लगेच वॉर्निंग येते. मग ती वॉर्निंग मिटवण्यासाठी आणखी एक पॅच, त्यातून आणखी एक भानगड.

या बगचं एक जुळं भावंड आहे, ते माहीत असलेलं बरं. कधी कधी ट्रेसमध्ये इंटरप्टची खूण नसतेच, तरी पोल स्वतःच्याच सीपीयूवर अडकलेला असतो. अशा वेळी मध्ये लोकल_बीएच_एनेबल शोधा. साधा लॉक हातात धरून तुम्ही असं काहीतरी बोलावलंत की ज्याने आत बीएच बंद करून परत चालू केलं. चालू करताना तुंबलेले सॉफ्टआयआरक्यू तिथल्या तिथे चालवले जातात, तुमचा लॉक हातात असतानाच.

दुरुस्ती करण्याआधी एक कागद घ्या. मी अजूनही कागदच घेतो. डावीकडे लॉकची नावं लिहू नका, डेटाची लिहा: ही रिंग, हे काउंटर, हा फ्लॅग. उजवीकडे त्या डेटापर्यंत कुठकुठल्या वाटा येतात आणि प्रत्येक वाटेवर कर्नलने आधीच काय धरून दिलेलं असतं. ड्रायव्हरच्या बाबतीत हा हिशोब ठरलेला आहे आणि कर्नलच्या नेटडिव्हाइस दस्तऐवजात लिहिलेला आहे, पण तो फार कमी लोक वाचतात. ओपन आणि स्टॉप आरटीएनएल (नेटवर्कच्या बदलांचा सामाईक लॉक, त्याबद्दल पुढे) धरून येतात, झोपायला मोकळीक असते. ट्रान्समिट त्या रांगेचा टीएक्स लॉक धरून येतं आणि बीएच बंद असतात; नेटकन्सोलकडून (कर्नलचा लॉग नेटवर्कवरून पाठवणाऱ्या सोयीकडून) आलं तर इंटरप्टही बंद असतात, म्हणून ट्रान्समिटच्या आत बीएचवाला लॉक घेऊ नये. सेट_आरएक्स_मोड पत्त्यांच्या यादीचा स्पिनलॉक धरून येतं, तिथे झोपता येत नाही. टीएक्स टाइमआउटही झोपू न देणाऱ्या अवस्थेत येतो, म्हणून तर बरेच ड्रायव्हर तिथून रीसेटचं काम वर्कक्यूवर, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेत, ढकलतात. आणि गेट_स्टॅट्स६४ बद्दल बहुतेकांचा समज चुकीचा असतो. आरटीएनएल धरलेलाच असेल असं ते गृहीत धरतात. प्रत्यक्षात प्रॉकमधली नेट/डेव्ह फाइल वाचताना हे फंक्शन फक्त आरसीयूच्या, म्हणजे लॉकविना वाचायच्या पद्धतीच्या, आडोशाने येतं. म्हणजे आरटीएनएलचं संरक्षण नाही आणि झोपायची परवानगीही नाही.

खरं तर आकडेवारीसाठी लॉकच नसावा. प्रत्येक सीपीयूचे वेगळे काउंटर ठेवा आणि वाचताना यू६४_स्टॅट्स_सिंक वापरा. ६४ बिट मशीनवर त्याचा खर्च जवळजवळ शून्य. ३२ बिटवर मात्र तो सीक्वेन्स काउंटर होतो, म्हणजे लिहिणं पूर्ण होईपर्यंत वाचणारा पुन्हा पुन्हा वाचतो, आणि लिहिणारा अर्ध्यात असताना त्याच सीपीयूवर सॉफ्टआयआरक्यूमधून कोणी वाचायला गेलं तर वाचणारा अनंतकाळ फिरतो. लॉक काढला तरी कोण कोणाला मध्येच तोडू शकतो हा हिशोब सुटत नाही.

आता दुसरा बग, आयपी कमांडवाला. मला हा जास्त आवडतो, कारण इथे लॉक एकच दिसतो आणि डेडलॉकला दोन लागतात.

आरटीएनएल हा नेटवर्किंगमधला सगळ्यात मोठा म्यूटेक्स, म्हणजे वाट पाहणाऱ्याला झोपवणारा लॉक. अख्ख्या कर्नलला एकच असलेला जुना बिग कर्नल लॉक २०११ मध्ये २.६.३९ मध्ये पूर्ण गेला. त्याचा स्वभाव मात्र आरटीएनएलमध्ये बराच शिल्लक आहे. अलीकडे त्याचे नेमस्पेसनिहाय (एका मशीनमधल्या प्रत्येक स्वतंत्र नेटवर्कनुसार) तुकडे करण्याचं आणि प्रत्येक उपकरणाला स्वतःचा लॉक देण्याचं काम चालू आहे, पण तुमच्या ड्रायव्हरचं स्टॉप फंक्शन आजही आरटीएनएल धरूनच येतं. तो एकाने अडवला की लिंक बदलणं, पत्ता देणं, रूट घालणं सगळं रांगेत उभं राहतं. १२० सेकंदांनी हंग टास्कचा इशारा येतो आणि लॉगमध्ये एकामागोमाग एक ट्रेस पडतात: हीसुद्धा आरटीएनएल_लॉकमध्ये, तीसुद्धा. या सगळ्या बळी आहेत. त्यातली कुठली ‘पहिली’ आली हे बघण्यात वेळ घालवू नका. आरटीएनएलमध्ये असूनही आरटीएनएलची वाट न पाहणारी टास्क कुठली, ते शोधा.

त्यासाठी सिसरिक्वेस्टचं (कर्नलला थेट हुकूम देणाऱ्या कळीचं) ‘डब्ल्यू’ दाबा, म्हणजे अडकलेल्या सगळ्या टास्कचे स्टॅक मिळतात. लॉकडेप चालू असेल तर ‘डी’ दाबा, कोणी काय धरलंय ते सरळ छापून येतं. स्टॅकचे गठ्ठे करा. दहा एकसारखे निघतील, एक वेगळा निघेल. तुमच्याकडे तो बहुधा असा असेल: डेव्ह_क्लोज, ड्रायव्हरचं स्टॉप, कॅन्सल_वर्क_सिंक आणि शेवटी फ्लश_वर्क. मग केवर्करांमध्ये, म्हणजे वर्कक्यूवरची कामं करणाऱ्या कर्नलच्या टास्कांमध्ये, बघा. एक केवर्कर तुमच्या रीसेटच्या कामात असेल आणि त्याच्या माथ्यावर आरटीएनएल_लॉक असेल. स्टॉप आरटीएनएल धरून रीसेट संपायची वाट बघतोय, रीसेट आरटीएनएलची वाट बघतोय. ‘काम संपायची वाट’ हाच तो दुसरा लॉक, फक्त त्याला लॉक असं नाव नाही.

मशीन गोठून डंप घेतला असेल, तर क्रॅश किंवा ड्रगन या डंप वाचायच्या साधनांत आरटीएनएल म्यूटेक्सचं ओनर फील्ड वाचा. सध्याच्या कर्नलांत त्यात धरणाऱ्या टास्कचा पत्ता असतो. खालचे ३ बिट फ्लॅगांचे, ते पुसून वाचायचे. साध्या स्पिनलॉकमध्ये अशी नोंद नसते. डिबग स्पिनलॉकचा पर्याय लावून कर्नल बांधला तरच मालक आणि त्याचा सीपीयू लिहिला जातो. चाचणीचं कर्नल बांधताना तो पर्याय लावाच.

एक सापळा सांगतो, ज्यात मी स्वतः दोन दिवस घालवले. नॅपी_डिसेबल हेसुद्धा वाट बघणारं फंक्शन आहे. पोल मोकळं होईपर्यंत ते लहान लहान डुलक्या काढत फिरत राहतं. लागोपाठ दोनदा बोलावलंत, मध्ये एनेबल न करता, तर दुसरी हाक कधीच परत येत नाही. रीसेट आणि स्टॉप दोघेही ते करत असतील तर हे अगदी सहज घडतं. गंमत अशी की ते दर डुलकीनंतर जागं होतं, म्हणून हंग टास्कच्या हिशोबात ते अडकलेलं ठरतच नाही; तो इशारा १२० सेकंद एकदाही न हललेल्या टास्कचा असतो. त्यामुळे लॉगमध्ये आरटीएनएलच्या रांगेतले सगळे बळी दिसतात आणि खरा गुन्हेगार यादीतच नसतो. मी ती यादी उलटसुलट वाचत बसलो होतो. सिसरिक्वेस्टच्या ‘डब्ल्यू’मध्ये तो सापडला, तोही दुसऱ्यांदा दाबल्यावर.

याच जातीचं आणखी एक उदाहरण कर्नलच्याच कोडमध्ये उघड्यावर आहे. नेटवर्कच्या सिसएफएस फायलींच्या (उपकरणाची माहिती दाखवणाऱ्या फायलींच्या) कोडमध्ये आरटीएनएल_ट्रायलॉक करून, म्हणजे न थांबता लॉक मागून बघून, नाही मिळाला तर रीस्टार्ट_सिसकॉल परत करणाऱ्या ओळी दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो आळशीपणा वाटतो. पण उपकरण काढताना आरटीएनएल धरून त्या फाइली मिटवल्या जातात, आणि मिटवणारा फाइल वाचणाऱ्यांचं काम संपायची वाट बघतो. वाचणाराच आरटीएनएलसाठी थांबला, तर तेच चक्र. म्हणून तो थांबत नाही, माघार घेतो.

तुमच्या ड्रायव्हरमध्ये दोन मार्ग आहेत. रीसेटच्या कामात ट्रायलॉक करायचा आणि नाही मिळाला तर थोड्या वेळाने परत यायचं. अनेक कार्डं एकत्र जोडणारा बाँडिंग ड्रायव्हर त्याच्या देखरेखीच्या कामात हेच करतो. किंवा स्टॉपमधून कॅन्सल_वर्क_सिंक काढून टाकायचं, रीसेटने आरटीएनएल मिळाल्यावर आधी नेटिफ_रनिंग तपासायचं आणि इंटरफेस बंद असेल तर काही न करता परत जायचं. मग कायमचं रद्द करणं रिमूव्हमध्ये, अनरजिस्टर_नेटडेव्ह झाल्यानंतर, म्हणजे आरटीएनएल हातात नसताना. मी दुसरा निवडेन. ट्रायलॉकवाला कोड सहा महिन्यांनी वाचताना तो तिथे का आहे हे कोणालाच आठवत नाही, आणि कोणीतरी ‘साफसफाई’ म्हणून तो साधा लॉक करून टाकतं.

मग लॉकडेप गप्प का होता? हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मुख्यतः इंगो मोल्नार यांनी लिहिलेला लॉकडेप २००६ मध्ये २.६.१८ मध्ये आला. त्याची खासियत ही की डेडलॉक प्रत्यक्ष घडावा लागत नाही. हा लॉक एकदा सॉफ्टआयआरक्यूमध्ये घेतला गेला, आणि आणखी कधीतरी, तासाभराने का होईना, सॉफ्टआयआरक्यू चालू ठेवून घेतला गेला, एवढं दिसलं की तो ओरडतो. प्रसंग एकत्र यावे लागत नाहीत. पण प्रत्येक प्रसंग एकदा तरी घडावा लागतो. तुमच्या चाचणीत ट्रॅफिक होतं. चाचणी चालू असताना कोणी आकडे वाचले होते का? आणि रीसेटचं काम एकदा तरी चाललं होतं का? चांगल्या केबलवर, चांगल्या कार्डावर टीएक्स टाइमआउट येतच नाही. जी वाट कधी चाललीच नाही, तिच्याबद्दल लॉकडेपला काही कळणार नाही. डीबगएफएसमध्ये (डिबगिंगसाठीच्या कर्नलच्या फायलींमध्ये) एक फाइल ठेवून हाताने रीसेट करायची सोय करा. एकदा ट्रॅफिक, एकदा आकडे, एकदा रीसेट, एकदा डाउन. माझ्या अंदाजाने पाच मिनिटांत दोन्ही रिपोर्ट पडतील, कारण वर्कक्यूच्या वाट बघण्यालाही लॉकडेप लॉकसारखंच मोजतो. नॅपी_डिसेबलच्या वाट बघण्यावर मात्र विसंबू नका, ते डोळ्यांनी तपासा.

त्याआधी लॉकडेप जिवंत आहे का ते बघा. पहिला रिपोर्ट दिला की तो स्वतःला बंद करतो, मग तो रिपोर्ट कुठल्याही भलत्या ड्रायव्हरचा असो. बूट होताना ग्राफिक्सबद्दल काहीतरी छापलं गेलं आणि तुम्ही दुर्लक्ष केलंत, की पुढे दिवसभर शांतता. प्रॉकमधल्या लॉकडेप_स्टॅट्समध्ये डिबग_लॉक्स या ओळीत १ हवा. बंदिस्त परवान्याचं मॉड्यूल भरलं तरी तो बंद होतो. तुमच्या ड्रायव्हरच्या परवान्याच्या ओळीत जीपीएलशी जुळणारा परवाना नसेल तर तिथेच उत्तर आहे.

रिपोर्ट आल्यावर लॉकच्या नावापुढे महिरपी कंसात चार चिन्हं असतात, ती वाचायला शिका. क्रमाने: हार्ड इंटरप्ट, त्याचाच वाचक लॉक, सॉफ्टआयआरक्यू, त्याचा वाचक लॉक. उणे म्हणजे त्या इंटरप्टच्या आत घेतला, अधिक म्हणजे तो इंटरप्ट चालू ठेवून घेतला, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे दोन्ही झालं. तुमच्या पहिल्या बगमध्ये तिसऱ्या जागी प्रश्नचिन्ह दिसेल. एवढं एक चिन्ह बघितलं की खालचे दोन स्टॅक ‘कुठे आत’ आणि ‘कुठे बाहेर’ हे सांगण्यापुरतेच वाचायचे.

खोटे इशारेही येतात. लॉकडेप प्रत्येक लॉक वेगळा मोजत नाही, ज्या ओळीत तो इनिशियलाइझ होतो त्या ओळीचा एक वर्ग धरतो. व्हीलॅनचं (एकाच कार्डावर बनवलेल्या आभासी नेटवर्कचं) उपकरण खालच्या उपकरणावर बसलेलं असतं, दोघांचे लॉक एकाच वर्गाचे निघाले तर ‘स्वतःचाच लॉक परत घेतला’ असं त्याला वाटतं. त्यासाठी वेगळा वर्ग किंवा नेस्टेड प्रकार (हे लॉक मुद्दाम एकात एक घेतलेत असं सांगणारा) वापरायचा. पण क्रम खरोखर ठरलेला आहे हे स्वतःला पटवल्याशिवाय नाही. इशारा बुजवण्यासाठी नेस्टेड लावणं म्हणजे धुराचा अलार्म उशीखाली ठेवणं.

लॉक सापडेना म्हणून प्रिंटके, म्हणजे लॉगमध्ये ओळ छापणाऱ्या हाका, पेरणार असाल तर एक सांगतो. ट्रान्समिटमध्ये, ड्रायव्हरचा खासगी लॉक हातात असताना, मी एकदा एक निरुपद्रवी ओळ घातली होती. त्या मशीनवर नेटकन्सोल चालू होता, त्याच कार्डावरून. ओळ छापायची म्हणजे पॅकेट पाठवायचं, पॅकेट पाठवायचं म्हणजे माझंच ट्रान्समिट, आणि त्याला हवा तोच लॉक. मशीन गेलं, आणि का गेलं हे सांगणारी ओळ अर्थातच बाहेर पडली नाही. ट्रेस_प्रिंटके वापरा, तो मेमरीतल्या बफरमध्ये लिहितो आणि वेळेतही फारसा बदल करत नाही.

दोन दुरुस्त्यांचे दोन वेगळे पॅच करा. पहिल्यात आकडेवारीच्या फंक्शनमध्ये स्पिन_लॉक_बीएच घाला आणि पोलमधला आयआरक्यूसेव्ह काढून परत साधा करा. तो तसाच राहिला तर पुढचा वाचणारा समजेल की हा लॉक हार्ड इंटरप्टमध्येही घेतला जातो. दुसऱ्यात रीसेट आणि स्टॉप. स्टॉपच्या वर लॉकडेप_असर्ट_हेल्डसारखी एक ओळ घाला, आरटीएनएलसाठी ती असर्ट_आरटीएनएल या नावाने तयारच आहे. यानंतरही पोल अडकला, तर मला ट्रेसचा खालचा अर्धा भाग हवा. वरच्या चार ओळी नकोत.